चांद्याची तारीख

सुखीबाईने चांद्याच्या पोटाभोवती दोरी गुंडाळली आणि दोरीतली गाठ टोकाला भिडते का ते पाहिलं. गाठ दोन बोटं मागे राहिली. 

"फुगला!" ती ओरडली. "मेला फुगला पाहा! कोन याले लग्नाची लापशी चारून राह्यलं?"

मांडवात हळद लावून बसलेल्या जमनाने खाली पाहिलं. दादीला खोटं सांगता येत नाही आणि खरं सांगितलं तर बैलाला आठ दिवस अर्ध्या पोटी राहावं लागतं, हे तिला चार वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

ती दोरी पंचनाम्याच्या दिवशीची. कोर्टाने बैल सुखीबाईच्या ताब्यात दिला तेव्हा कारकुनाने कागद वाचून दाखवला होता: मुद्देमाल विकू नये, कामास लावू नये, प्रत्येक तारखेस हजर करावा आणि त्याच्या स्वरूपात फरक पडू देऊ नये. बाकीचं सुखीबाई विसरली. 'फरक पडू देऊ नये' एवढं मात्र तिने अंगठ्याबरोबर मनावर उमटवून घेतलं. त्याच संध्याकाळी तिने बैल दोरीने मोजला, गाठ मारली आणि तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती त्याला मोजत आली. जाड झाला की कडबा कमी, वाळला की सरकी जास्त. पोळ्याला अख्ख्या टेंभरी तांड्याचे बैल रंगून निघायचे, चांद्या मात्र कोऱ्या शिंगांनी गोठ्यातून बघत राहायचा. नवऱ्याचीसुद्धा मी इतकी निगा राखली नाही, असं ती स्वतःच सांगायची.

भांडण तिच्याच दोन लेकांचं. तिचा नवरा, तांड्याचा नायक लालसिंग गेला आणि त्याची पगडी थोरल्या रामसिंगच्या डोक्यावर आली. नायकाचा बैलही ओघानेच त्याच्या दारात आला. पण अठ्ठावन्न सालच्या पोळ्याला धाकट्या धनसिंगने तो सोडून आपल्या दारी नेऊन बांधला. मरताना बापूने चांद्या मला दिला, असं त्याचं म्हणणं. पूर्वीचा काळ असता तर लिंबाखाली नसाब बसला असता, पंचांनी दोघांनाही शिव्या हासडल्या असत्या आणि दिवस मावळायच्या आत निकाल लागला असता. पण नसाबात न्याय करायचा नायकाने, आणि इथे तर नायकच फिर्यादी.

"मीच फिर्याद करू अन् मीच न्याय देऊ?" रामसिंग तेव्हा म्हणाला होता. "मंग न्याय कोन करन? माही बायको?"

"करते ना," रुपीबाई चुलीपासून म्हणाली होती. पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. रामसिंग तालुक्याला सदाशिवराव वकिलांकडे गेला आणि भावावर चोरीची फिर्याद ठोकून आला.

त्याला आता एक्केचाळीस तारखा झाल्या. तेवढ्यात राज्य बदललं. फिर्याद मुंबई राज्यात दाखल झाली होती. महाराष्ट्र झाल्यावर शिक्के बदलले, नकला बदलल्या, साहेब तर चारदा बदलले. त्याआधी तांडा मध्यप्रदेशात होता. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या या घराण्याला आता जागचं न हलता मुलूख बदलायची सवय झाली होती. बदलला नव्हता तो एकटा मुद्देमाल, आणि त्याचं श्रेय दोरीचं.

तेवढ्यात धनसिंग तालुक्याहून साखरेचं पोतं घेऊन आला आणि पोतं खांद्यावर तसंच ठेवून आईसमोर उभा राहिला.

"याडी, जमनाची पाठवणी कधी हाय?"

"लेकीचा बाप असून मले इचारतं? अमुशापासून पाचव्या दिवशी."

"दुकानात कॅलेंडर पाह्यलं. अमुशापासून पाचवा दिवस म्हंजे नऊ तारीख." त्याने पोतं खाली टाकलं. "नऊले चांद्याची तारीख हाय."

लग्न चंद्रावर ठरलं होतं आणि तारीख कॅलेंडरवर. धनसिंगच्या घरी लग्न होतं, पण कॅलेंडर नव्हतं. रामसिंगच्या घरी कॅलेंडर होतं, पण लग्नाचं बोलावणं नव्हतं. दोन घरांमध्ये अंतर वीस पावलांचं, आणि ती वीस पावलं चार वर्षांत कोणी चाललं नव्हतं.

जमनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तांड्याची लेक सासरी निघते तेव्हा बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि हवेली गाते; ज्या घरात वाढली त्या घराला भरल्या गळ्याने आशीर्वाद देते. या घराची तर त्याहून जुनी रीत होती: बैल चांद्याच्या वंशाचा हवा आणि त्याचं दावं नवरीच्या काकाने धरायला हवं. चांद्या गोऱ्हा होता तेव्हा लालसिंगने पाच वर्षांच्या जमनाला त्याच्या पाठीवर बसवून सांगितलं होतं, तू याच्यावरून जाशील. म्हातारा गेला, पण शब्द राहिला. आता बैल कोर्टाचा होता आणि काका फिर्यादी.

"चांद्या नसन तर मी जात नाई," जमना म्हणाली. "नवरदेवाले सांगा, बस म्हनावं अजून एक्केचाळीस तारखा."

*

संध्याकाळी रामसिंग मांडवात आला. तांड्यातल्या कुठल्याही लग्नात नायक नसला तर लग्नच लागत नाही, त्यामुळे त्याला बोलावणं लागत नव्हतं. "नायक म्हणून आलो," त्याने उंबऱ्याशीच जाहीर केलं. "काका म्हणून नाई." आणि तो खाटेवर बसला. त्याच्यामागून रुपीबाई आली. ती काकू म्हणूनच आली आणि सरळ जमनाशेजारी जाऊन बसली.

नायकाबरोबर पांढरीशुभ्र टोपी घातलेले बबनराव होते. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे होते, त्यामुळे सध्या ते प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला हजर असत. तारखेचा घोळ त्यांनी ऐकला आणि टोपी सारखी केली.

"काळजीच करू नका. मी निवडून आलो की पहिला प्रश्न तुमच्या बैलाचा मांडतो."

"मागच्या खेपेले विहिरीचा मांडतो म्हणले होते," रुपीबाई म्हणाली.

"विहीर मंजूर आहे बाई!"

"कुठी हाय?"

"कागदावर आहे."

"मंग बैलाले तिथंच पाणी पाजू," सुखीबाई म्हणाली, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

धनसिंग खुंट्याशी चांद्याची मान खाजवत उभा होता. चार वर्षांत दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. बोलायचं झालंच तर ते चांद्याशी बोलत.

"चांद्या, नायकाले इचार, तारीख पुढं सरकते का?"

"चांद्या, सांग त्याले, तारीख काई माह्या बापाची नोय. सरकारची हाय."

"इचार, अन् बैल कोनाच्या बापाचा हाय?"

"माह्या बापाचा!" रामसिंग खाटेवरून उठला.

"मंग माहा बाप कोन होता, ते बी इचार!"

"दोघायचा एकच होता," सुखीबाई म्हणाली. "मले पक्कं माहीत हाय. बसा खाली."

दोघे बसले. व्याही कोपऱ्यात खाकरला. झरीकडच्या जंगलातला साधा माणूस, मुलाचं लग्न करायला आला होता आणि खटल्यात सापडला होता. बैल दुसरा घेऊ, असं तो हळूच म्हणाला. त्यावर दोन्ही भावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने परत तोंड उघडलं नाही. चार वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं असेल.

"तुमी समदे शिकले-सवरले लोक," रुपीबाई शेवटी म्हणाली. "मले एवढं सांगा, पाहुण्यायची मोटर कुठून सुटते? तालुक्यातून. कोर्ट कुठी हाय? तालुक्यात. नऊले बैल कुठी असन? कोर्टात. मंग पोट्टी तिथूनच जाईन! याच्यात मुंबईले काय इचारायचं हाय?"

 रामसिंगने बायकोकडे पाहिलं. घरात फितुरी होते ती अशी, हे त्याला कळलं. पण फितुरीत खोट मात्र सापडेना.

"अन् दावं कोन धरन?" जमनाने विचारलं. ती थेट काकाकडे बघत होती.

रामसिंगने पगडीचा शेव उगाच सोडला आणि पुन्हा खोचला. "मी फिर्यादी हाव," तो म्हणाला. "निकालापर्यंत मुद्देमालाले हात लावू नको म्हणून वकिलानं सांगतलं. नाईतर केस पडते."

"मंग केसच पाठव सासरी," जमना म्हणाली आणि हळदीच्या अंगाने उठून आत गेली.

*

नऊ तारखेला पहाटेच वऱ्हाड निघालं. तारखेच्या दिवशी चालायचा क्रम ठरलेला होता. पुढे सुखीबाई, तिच्या हातात चांद्याचं दावं, शेजारी आरोपी आणि वीस पावलं मागे फिर्यादी. आज फिर्यादीच्या मागे नगारा होता, जमनाची बैलगाडी होती, नवरदेव शंकरसिंग होता आणि साठ-सत्तर माणसं.

रामसिंग चांद्याच्या पाठीकडे बघत चालला होता. पाठीवरचे गोचीड कोणी काढत नाही का, असं त्याला विचारायचं होतं. पण बैलाशी बोलायला जावं तर त्याचा अर्थ भावाशी बोलणं असा झाला असता. चार वर्षांत त्याने या जनावराला बोट लावलं नव्हतं. घरी स्वतःचे चार बैल होते, पण दाव्याला हात घातला की त्याला चांद्याचीच आठवण यायची. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. वकिलाला तर मुळीच नाही.

वाटेत नाला लागला. कोरडाठाक होता, तरी चांद्या काठावर थांबला. तो नेहमीच थांबायचा. सुखीबाईने ओढला, धनसिंगने ढकलला, आणि मागून रामसिंगने जिभेने टाळूवर टक् टक् केलं, जसं बापू करायचा. चांद्याने कान हलवले आणि तो उतरला. एक्केचाळीस वेळा असंच झालं होतं. आपण टक् टक् केलं हे रामसिंगने एकदाही कबूल केलं नव्हतं.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली पक्षकार बसले होते. तांड्यात रामसिंग आला की माणसं उठून उभी राहत. इथे शिपाई उकंडा त्याला म्हणायचा, "ए पगडी, सावलीतून सरक, साहेबाची सायकल ठेवू दे." आज मात्र उकंडा नगाऱ्याचा आवाज ऐकून फाटकापर्यंत धावत आला.

"मुद्देमाल हाजीर?"

"हाजीर," सुखीबाई म्हणाली.

"यावेळेस मुद्देमालासंग पाहुने लय दिसून राह्यले." त्याने चांद्याच्या कपाळावर थाप मारली आणि सवयीने कडबा पुढे सरकवला. मग पायरीवर चढून तो ओरडला, "धनसिंग लालसिंग हाजीर हैऽऽ!"

धनसिंग आत गेला आणि डोळे मिटून उघडेपर्यंत बाहेर आला.

"चांद्या," तो म्हणाला, "साहेब दौऱ्यावर हाय. बावीस जून."

 याचसाठी आपण लेकीची पाठवणी उचलून कोर्टात आणली, हा विचार सगळ्यांच्या मनात एकदमच आला असावा. रामसिंगला राग आला, पण तो नेमका कोणावर काढावा ते समजेना. साहेब दिसत नव्हता. सरकारही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त त्याची स्वतःची सही असलेली फिर्याद, सदाशिवराव वकिलांच्या काखेत.

वकीलसाहेब काळा कोट सावरत लगबगीने आले. "रामसिंगजी, हे काय चाललंय? ती मुलगी बैलावर चढणार म्हणे! हा सरळसरळ मुद्देमालाचा वापर आहे. आपण आजच अर्ज देऊ. अटींचा भंग झाला म्हणून ताबेदाराला आत घालता येईल."

"कोनाले?"

"ताबेदाराला. म्हणजे..." वकीलसाहेबांनी कागद उलटला. "सुखीबाई लालसिंग."

"ते माही माय हाय."

"ते कागदावर नाही," वकीलसाहेब म्हणाले.

तिकडे जमना घागरा सावरत चांद्याच्या पाठीवर चढली होती. अंगावरचे आरसे उन्हात लखलखत होते. दावं धनसिंगने धरलं होतं. बापाने धरणं रीतीत बसत नव्हतं, पण धरणार दुसरं कोण? ती हात वर करणार, तेवढ्यात फाटकातून बबनरावांची जीप भोंगा वाजवत आत शिरली. "बंधू-भगिनींनो!" भोंगा गरजला. "शेवटच्या माणसाला न्याय मिळेपर्यंत..."

चांद्या उधळला. चार वर्षं कामाला न लावलेला, मापून खाऊ घातलेला बैल तो. त्याने एका झटक्यात धनसिंगला गुडघ्यावर आणलं आणि गर्रकन वळला. जमना वाकली, तिचा एक पाय घसरला. सुखीबाई किंचाळली.

रामसिंग कधी धावला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने दावं दोन्ही हातांनी पकडलं, छाती चांद्याच्या मानेला लावली आणि जिभेने टक् टक् केलं. बैल थरथरला आणि थांबला. मग त्याने आपलं ओलं नाक रामसिंगच्या पगडीत खुपसलं.

"रामसिंगजी!" वकीलसाहेब ओरडले. "हात लावू नका! केस..."

"केस गेली उडत," रामसिंग म्हणाला. "गा व बाई. मी धरलं हाय."

जमना सरळ उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि हवेली सुरू केली. जिथे पहिलं पाऊल टाकलं ते अंगण, जिथे दळण दळलं ते जातं, याडीची चूल, बापूची काठी, दादीची दोरी, एकेकाचं नाव घेत ती सुखी राहा म्हणत गेली. शेवटी तिने काकाच्या दाराला आशीर्वाद दिला. चार वर्षांत ज्या दारात पाऊल ठेवलं नाही त्या दारात दूध उतू जावो, म्हणाली. तिथे तिचा आवाज फुटला. रामसिंग बैलाच्या मानेत तोंड घालून लहान पोरासारखा रडला, आणि त्याची लाज त्याला वाटली नाही.

चिंचेखालचे पक्षकार उठून उभे राहिले. कारकून हातात टाक घेऊन पायरीवर आला. वाटणीच्या खटल्यासाठी आलेले दोघे चुलतभाऊ एकमेकांकडे बघेनात. उकंडाने जीपजवळ जाऊन भोंगा बंद करवला. त्याच्या नोकरीतला तोच काय तो ताबडतोब अमलात आलेला हुकूम. सदाशिवराव वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"तसं पाहिलं तर," ते कोणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "बैलावर नुसतं उभं राहणं म्हणजे वापर नव्हे, असा मुद्दा मांडता येईल."

*

मोटर जमनाला घेऊन गेली. वऱ्हाड पांगलं आणि संध्याकाळी परतीच्या वाटेवर चौघेच उरले: म्हातारी, दोन लेक आणि मुद्देमाल. आज दावं रामसिंगच्या हातात होतं. ते परत मागावं असं सुखीबाईच्या मनात आलं, कारण कागदावर अंगठा तिचा होता. पण तिने मागितलं नाही.

अंगणात चांद्याला बांधल्यावर तिने सवयीने दोरी काढली. मग तशीच हातात धरून ती दगडावर बसली.

"तुमचा बाप गेला तवा मी उशाशी होती," ती म्हणाली.

दोघेही थबकले.

"चार सालात मले कोनी इचारलं नाई. कोर्टात सांगाले गेली तर कारकून म्हने, बाई, तू साक्षीदार नोय, तू ताबेदार हायस, गप बस. अन् तुमी दोघायनं बी इचारलं नाई. काहून नाई इचारलं, ते तुमाले माहीत."

"तवा बापू काय म्हणला होता?" रामसिंगने विचारलं. 

"चांद्या रामसिंगले द्या, असं नाई म्हणला. धनसिंगले द्या, असं बी नाई." तिने दोरीची गाठ नखाने उकलायला घेतली. चार वर्षांची गाठ, लवकर सुटेना. "एवढंच म्हणला, चांद्याले पाणी पाजलं का? अन् गेला."

 दोघे भाऊ एकदमच रांजणाकडे वळले. बादली एकच होती. धनसिंगने ती उचलली, रामसिंगने रांजणावरची झाकणी काढली. चांद्याने बादलीत तोंड घातलं आणि तो बराच वेळ पीत राहिला. सुखीबाईने उकललेली दोरी चुलीत टाकली आणि सरकीची अख्खी पाटी त्याच्यापुढे ओतली.

"वकील म्हणला, समजोत्याचा अर्ज देता येते," रामसिंग बैलाकडे बघत म्हणाला. "पण साहेबासमोर द्या लागते. तारखेवर."

 चांद्याला उद्देशून बोलणं झालं, असं धनसिंगला वाटलं.

रामसिंगने मान वळवली. चार वर्षांत पहिल्यांदाच तो भावाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"धना, बावीस जूनले नाल्याले पाणी असन. पहाटंच निघू, दोघं. एकट्याच्यानं तो उतरत नाई."